आपलाच गडी, आपलीच गोळी

'ग्रीफिंग'ला मराठी शब्द शोधत होतो. आपल्याकडे 'रडीचा डाव' आहेच की, असे भाचीला म्हटले. ती लगेच म्हणाली, "नाही मामा, रडीचा डाव खेळणाऱ्याला जिंकायचं तरी असतं. याला जिंकायचंच नसतं. दुसऱ्याचा खेळ नासला की झालं."

तिची व्याख्या बिनतोड आहे. ऑनलाइन खेळातला ग्रीफर आपल्याच गटाची वाट अडवतो, आपल्याच गड्याला पाठीमागून गोळी घालतो. आपल्या बाजूची गोळी लागणे म्हणजे 'फ्रेंडली फायर'. ती कधीकधी खरोखर चुकून लागते, म्हणूनच मुद्दाम घालणाऱ्यालाही 'चुकून लागली' म्हणायची सोय असते.

भाची पाच-पाच जणांच्या गटांचा नेमबाजीचा एक खेळ खेळते. माइकवर मुलीचा आवाज ऐकला की तिच्याच गटातला कुणीतरी फेरी सुरू होताच तिला टिपतो. असे इतक्यांदा झाले की आता ती माइक बंदच ठेवते. शत्रू कुठून येतोय ते तिला दिसते, पण सांगता येत नाही. आणि हरल्यावर शिव्या पुन्हा तिलाच!

खेळच तर आहे, सोडून दे, असे सांगणारे शहाणे भेटतात. आमच्या वाड्यावर असे कुणी म्हटले नसते. तिथे खेळ नासवणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कुठलाच गट घेत नसे, आणि लहानग्याला लिंबू-टिंबू म्हणून सांभाळून घेत. हे जमायचे, कारण नासवणारा कुणाचा पोर ते सगळ्यांना ठाऊक असायचे. इंटरनेटवर तो टोपणनाव बदलून पाच मिनिटांत दुसऱ्या अंगणात हजर! तेव्हा उपदेशाने काही व्हायचे नाही, नियमच तसे रचावे लागतात.

१९९७ साली आलेल्या 'अल्टिमा ऑनलाइन'मध्ये मुरलेले खेळाडू नवख्यांना जंगलात गाठून मारत, लुटत. नवखे कंटाळून जाऊ लागले. शेवटी २००० साली त्या जगाचे दोन भाग झाले. 'फेलुका'त जुनाच जंगलचा कायदा. 'ट्रॅमेल'मध्ये संमतीशिवाय दुसऱ्या खेळाडूवर हल्लाच करता येत नाही. बहुतेक वस्ती ट्रॅमेलकडे सरकली. खेळातली धार गेली, अशी हळहळ काही जुने खेळाडू करतात. गेली असेलही, पण ती धार नवख्यांच्या मानेवर चालत होती.

२०१६ च्या 'ओव्हरवॉच'ने नेहमीच्या सामन्यांत गड्याला गोळी लागूच दिली नाही. तरी त्यातले 'मे' हे पात्र बर्फाची भिंत उभारते, आणि ती आपल्याच गटाच्या दारात उभारणारे महाभाग निघालेच. शिवाय गड्याला सांभाळून नेम धरण्याचे कसब गेले ते गेलेच.

मला पटला तो 'रेनबो सिक्स सीज'चा २०१९ मधला उपाय. गड्याच्या हातून मेलेल्यालाच तिथे विचारतात, हे मुद्दाम होते का? 'होय' म्हटले, की पुढे मारणाऱ्याने आपल्या गड्यावर झाडलेल्या गोळीची इजा त्याच्याच अंगावर उलटते. चुकलेल्याला माफी मिळते, कुणाला हाकलावे लागत नाही, आणि ज्याला लागले त्याचा शब्द मानला जातो. (आपल्या पंचायतींत हे कधी येईल?)

याहून वेगळी वाट २०१२ च्या 'जर्नी'ची. त्याचे कर्ते जेनोव्हा चेन यांनी सांगितले आहे, की सुरुवातीच्या नमुन्यात दोन अनोळखी खेळाडू एकमेकांना ढकलू शकत. त्याचा उपयोग एकमेकांना मदत करायला व्हावा ही अपेक्षा. लोकांनी एकमेकांना संकटात ढकलले! चेन यांनी लोकांना नावे ठेवली नाहीत, ढकलणेच काढून टाकले. आता दोघे जवळ आले की दोघांच्या गळपट्ट्यांना उडण्याचे बळ मिळते. बोलायची सोय नाही, फक्त एक सूर काढता येतो. सोबत्याचे नाव खेळ संपल्यावर, श्रेयनामावलीनंतर कळते.

वाळवंटातल्या दोघांना एवढे पुरते. पाच-पाचांच्या लढाईत मात्र बोलावेच लागते, आणि नुसत्या आवाजावरून गड्याला टिपणाऱ्याचे काय करायचे, ते अजून कुठल्याच कंपनीला नीट जमलेले नाही.