कथा सुचेना तेव्हा
‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा खेळ अमेरिकेत १९७४ साली प्रसिद्ध झाला. घरच्या मुलांसह तो खेळताना सूत्रधारकी आमच्याकडे असते. परगावी पांगलेली ही मुले याच निमित्ताने सुट्टीत एकत्र बसतात. म्हणून कथा सुचेनाशी झाली की जीव कासावीस होतो. अशा वेळी देवळापुढील दशावतार आठवावा. तेथे कथासूत्र तेवढे ठरलेले असते. संवाद नटांचे, आयत्या वेळचे. मग शेवटाची चिंता सोडून आम्ही तीनच गोष्टी टिपतो : कोणास काय हवे, आडवे कोण येते आणि विलंब झाल्यास काय बिघडते. उरलेली कथा मुलेच रचतात, आणि पुढील सुट्टीचा बेत निरोपापूर्वीच ठरतो.