मिटल्या डोळ्यांचा मेकअप

आयशॅडो लावताना गिऱ्हाइकाला आम्ही पहिली सूचना देतो ती "डोळे मिटा" ही. पापणी ताणली जाते, सुरकुत्या सपाट होतात, ब्रश कुठे अडखळत नाही, आणि रंग असा काही बसतो की आपलंच काम आपल्याला आवडायला लागतं. सेलवासच्या आमलीत पार्लर टाकल्यापासून मी हेच करत आले. विशीतल्या नवरीच्या पापणीवर ते खपूनही गेलं. तिच्या आईच्या, सासूच्या, आत्याच्या पापणीवर मात्र मी वर्षानुवर्षं चुकत राहिले. चुकतेय हे कळायलाही उशीर झाला, कारण तक्रार करते ती नवरी. वरमाय करत नाही. ती आरशात बघते, "आता वयच झालं" म्हणते आणि पैसे देऊन निघून जाते.

आमच्या सेलवासची हवा मेकअपवाल्या बाईची परीक्षा बघणारी. लग्नं उरकतात एप्रिल-मेच्या घामात. जूनमध्ये पाऊस कोसळायला लागला की सप्टेंबरपर्यंत पार्लरचे टॉवेल धड वाळत नाहीत. गिऱ्हाईकही तऱ्हेतऱ्हेचं: मसाट-पिपरियाच्या कारखान्यांतल्या साहेबांच्या घरच्या, गुजराती व्यापाऱ्यांच्या घरातल्या, नाशिक-ठाण्याकडून नोकरीपायी इथे आलेल्या आपल्या मराठी बायका, खानवेलकडच्या वारली-कोकणा घरांतल्या शिकलेल्या मुली. या सगळ्यांना मी एकच प्रायमर लावत होते. दाट, चिकट, घट्ट धरणारा. नवरीच्या डोळ्यावर तो रात्री पाठवणीपर्यंत टिकायचा, म्हणजे माल चांगला, असा माझा हिशेब होता.

तो हिशेब कोलमडला २ ऑगस्टला. हा आमचा मुक्तिदिन. १९५४ मध्ये दादरा-नगर हवेलीचा हा मुलूख पोर्तुगिजांकडून सुटला, आणि त्या लढ्यात बाबूजी म्हणजे सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे स्वतः उतरले होते. त्यामुळे इथल्या मराठी माणसाला बाबूजींविषयी जरा जास्तच जिव्हाळा. एका वर्षी काही बायकांनी त्या निमित्तानं बाबूजींची गाणी बसवली. बहुतेक जणी साठीच्या आसपासच्या, दोघी-तिघी गुजराती. मेकअप माझ्याकडे. बाहेर पाऊस, आत पंखे आणि वरून रंगमंचाचे दिवे. मी प्रत्येकीला डोळे मिटायला लावले, प्रायमरचा भरपूर थर दिला, वरून पावडर थोपटली, मग मातकट तपकिरी आणि थोडी सोनेरी चमक. सगळ्या खूश.

मध्यंतरात विंगेत गेले तर कोरसमधल्या एक गुजराती बेन रुमाल घेऊन डोळे टिपत होत्या. "बेन, आ तो ओगळी गयुं!" मी जवळ जाऊन पाहिलं. रंग वितळला असता तर खाली गालावर आला असता. तो वर गेला होता. भुवईच्या खाली, जिथे मी ब्रश टेकवलाच नव्हता, तिथे एक दुसरी तपकिरी रेघ उमटली होती आणि त्या रेघेखालची पापणी पट्ट्यापट्ट्यानं कोरी पडली होती. शेजारच्या काकूंची तऱ्हा वेगळी. त्यांचा रंग हलला नव्हता, पण प्रायमर आणि पावडर मिळून पापणीवर भेगा पडल्या होत्या आणि चमक नेमकी त्या भेगांत जाऊन बसली होती. त्यांचं वय मी पाच वर्षांनी वाढवून ठेवलं होतं.

तेव्हा मी काय केलं? पावसाला दोष दिला. मग प्रायमरला दोष दिला आणि त्याहून महाग प्रायमर मागवला. तो आणखी घट्ट होता, म्हणून भेगाही आणखी ठसठशीत पडल्या.

पुढे थोडं वाचलं, थोडं विचारलं, तेव्हा उलगडा झाला. पापणीची कातडी अंगावरची सगळ्यात पातळ, जेमतेम अर्धा मिलिमीटर. वय वाढतं तशी तिची लवचीकता जाते, भुवई थोडी खाली येते आणि वरची सैल कातडी घडी होऊन पापणीवर टेकते. डोळा उघडला की ही घडी खालच्या रंगाला चिकटते, मिटला की सुटते, आणि आपण मिनिटाला दहा-पंधरा वेळा पापणी लववतो. म्हणजे तासभराच्या कार्यक्रमात शेकडो वेळा. रंग जरा जरी ओला असेल तर तो वर छापला जाणारच. त्यात या वयात एकाच पापणीवर दोन उलट गोष्टी असतात: मधली कातडी कोरडी पडते आणि कडेला तेल असतं. पापणीच्या कडेत मायबोमियन नावाच्या बारीक तेलग्रंथींची रांग असते. डोळ्यातलं पाणी सुकू नये म्हणून त्या तेल सोडतात. ते तेल आणि घाम रंग सोडवतात, कोरडेपणा थराला भेगा पाडतो. दाट प्रायमर तेलावर उपाय करतो आणि कोरडेपणाचं दुखणं वाढवतो. तरुण पापणीला ते दुखणं नसतंच, म्हणून माझी चूक तिथे झाकली गेली.

कोरडेपणा कळल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेले. मेकअपच्या आधी पापणीवर छान क्रीम चोळायला लागले. लगेच वर प्रायमर. बोट फिरवलं की खोडरबराच्या कचऱ्यासारखे बारीक गोळे निघायचे. कारण साधं होतं. बहुतेक प्रायमरमध्ये डायमेथिकोनसारखी सिलिकॉन्स असतात. ती कातडीवर गुळगुळीत थर धरतात, आणि बरेचदा जोडीला घाम-तेल शोषायला सिलिका असते. खाली तुपकट क्रीमचा ओला थर असला की त्यांना धरायला जागाच मिळत नाही. एका विहीणबाईंच्या डोळ्यावर हे गोळे मी चिमटीनं वेचले आहेत, बाहेर गाडी हॉर्न देत असताना. क्रीम वाईट नव्हतं. ते आदल्या रात्री लावायचं होतं.

कन्सीलरलाच प्रायमर म्हणून वापरणं, चेहऱ्याचा प्रायमर डोळ्यावर ओढणं, हेही करून झालं. त्यावर फार बोलण्यासारखं नाही. एक-दोन तास बरं दिसतं, मग घडीत जमा होतं.

माझ्या स्वतःच्या पापण्यांवर केलेला प्रयोग मात्र सांगायलाच हवा. पन्नाशी उलटल्यावर मलाही घडी दिसायला लागली. एक सुवासिक प्रायमर आणला. महिन्याभरात पापण्या लाल, खरखरीत, खाज सुटलेली. मी काय करावं? खरखर दिसू नये म्हणून त्याच प्रायमरचा थर वाढवला. दुसऱ्या बाईनं असं केलं असतं तर मी तिला चांगलं सुनावलं असतं. शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी प्रायमर बंद करायला सांगितलं आणि मग माझ्या नखांकडे बघून विचारलं, "नेलपॉलिश रोज?" पापणीवरची ॲलर्जी पुष्कळदा पापणीवर लावलेल्या वस्तूची नसतेच. नेलपॉलिश, केसांचा रंग, हातावरचं काही, आपण नकळत डोळे चोळतो आणि पातळ कातडी आधी बोंब मारते. दिवसभर नेलपॉलिश आणि हेअर डायमध्ये हात असलेल्या बाईला हे कुणी सांगायला लागावं, याची लाज वाटली. सगळं बंद केल्यावर, मग एकेक वस्तू परत सुरू केल्यावर कळलं की माझा गुन्हेगार सुवास होता, नेलपॉलिश सुटली. तेव्हापासून बिनवासाचाच प्रायमर, आणि नवी वस्तू आधी काही दिवस कोपराच्या आतल्या बाजूला.

त्याच सुमारास नेत्रतज्ज्ञांनी माझ्या पापण्यांच्या कडा तपासल्या. तिथे कोंड्यासारखी पापुद्री साचली होती, ग्रंथींची तोंडं तुंबलेली. कोमट पाण्याच्या घडीचा शेक आणि कडा हलक्या हातानं साफ करणं, एवढाच रोजचा नेम त्यांनी सांगितला. गंमत म्हणजे त्यानंतर तोच रंग पूर्वीपेक्षा जास्त वेळ टिकायला लागला.

आता दोन चुका, ज्या पापणीच्या दिसण्यापेक्षा गंभीर आहेत.

पहिली: नळीतल्या प्रायमरची काडी. ती एकीच्या पापणीवर टेकवायची, परत नळीत घालायची, मग दुसरीच्या पापणीवर. मी हे सर्रास केलं. कुणाला रांजणवाडी, कुणाचे डोळे आलेले, कुणाचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन, काही न विचारता. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत मेकअप लावायचाच नसतो. आता प्रायमर मी स्पॅच्युलावर काढते, एका गिऱ्हाइकाचा ब्रश दुसरीला लागत नाही, आणि नळी उघडलेली तारीख तिच्यावर पेनानं लिहिते. वेष्टनावर उघड्या झाकणाच्या डबीचं चित्र असतं आणि त्यात महिन्यांचा आकडा, तो नुसता शोभेला नसतो हे मला फार उशिरा समजलं. २०२० च्या कॉस्मेटिक्स नियमांप्रमाणे वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, घटक आणि मुदत असायला हवी. बाहेरून आणलेल्या मालावर आयातदाराचं नाव आणि नोंदणी क्रमांक. स्वस्तात मिळतोय म्हणून बिनबिलाचा माल मीही घेतला आहे. त्यावर यातलं काहीही नव्हतं.

दुसरी चूक अजून टोचते. एक मावशी नेहमीच्या. त्यांची डावी पापणी उजवीपेक्षा खाली. मी डाव्या डोळ्यावर गडद रंग जरा वर चढवून दोन्ही डोळे सारखे दाखवले आणि स्वतःचीच पाठ थोपटली. मावशी म्हणाल्या होत्या, "सकाळी ठीक असतं गं, संध्याकाळी हा डोळा उघडतच नाही." मी म्हटलं, "दमता तुम्ही मावशी." स्नायू थकतात तशी पापणी दिवसभरात जास्त जास्त उतरत जाणं, हे मायस्थेनियासारख्या आजाराचं लक्षण असू शकतं. त्यांना पुढे तोच आजार निघाला. मुंबईच्या डॉक्टरांनी औषधं सुरू केली, बऱ्या आहेत. त्यांची भाची हे सांगायला आली तेव्हा मला काय बोलावं सुचलं नाही. वयानं दोन्ही पापण्या हळूहळू उतरणं वेगळं. एकच पापणी उतरली, संध्याकाळी वाढली, एकाचे दोन दिसायला लागले, तर ते काम ब्रशचं नाही. आणि एकाएकी पापणी पडून डोकं दुखायला लागलं, बाहुल्या लहान-मोठ्या दिसल्या, तर थेट इस्पितळ गाठायचं.

एवढं सगळं करून प्रायमर कोणता, असं विचाराल तर नाव घेणार नाही. कारण नाव बदललं म्हणून माझं काम सुधारलं नाही, हात बदलल्यावर सुधारलं. डोळ्यासाठीच बनवलेला, बिनवासाचा, पातळ, लावल्यावर चमक न मारणारा, एवढं बघते. दोन्ही पापण्यांना मिळून तांदळाच्या दाण्याएवढा पुरतो. आधी पापणी स्वच्छ करून टिशूनं टिपायची. प्रायमर घासायचा नाही, अनामिकेनं टेकवत जायचं. मग थांबायचं. या थांबण्यालाच मी आजवर सगळ्यात कमी किंमत दिली होती. मी आता गिऱ्हाइकाच्या हातात छोटा आरसा हनुवटीच्या खाली धरायला देते. नजर खाली राहते, घडी सुटलेली राहते आणि थर सुकतो. पावडर लावलीच तर फक्त घडी जिथे टेकते तिथे, ब्रश झटकून.

आणि मग "डोळे मिटा" नाही, "माझ्याकडे सरळ बघा". डोळा उघडा असताना घडी कुठे येते ते बघून तिच्या किंचित वर बिनचमकीचा रंग. चमक हवीच असेल तर पापणीच्या मधोमध टिकलीभर, कारण अभ्रकाची चकाकी प्रत्येक सुरकुतीला उजेडात आणते. मग बोलायला लावते, हसायला लावते. पापणी हसताना जिथे दुमडते ते मिटल्या डोळ्यावर कधीच दिसत नाही.

लग्नाच्या आधी ट्रायल मी सक्तीची केली आहे, आणि तीही दुपारची, एसी बंद करून. लावून घरी पाठवते, स्वयंपाक करा म्हणते, चार-पाच तासांनी फोटो पाठवा. ट्रायलचे पैसे वेगळे कशाला, म्हणून घासाघीस होते. परवाच एक वरमाय म्हणाल्या, "नवरीची ट्रायल समजू शकते, माझ्याकडे कोण बघणार आहे?" मी त्यांच्याकडून पैसे घेतले. फुकट केली असती तर त्यांचं म्हणणं मला पटल्यासारखं झालं असतं, आणि इतकी वर्षं मी नेमकं तेच समजून त्यांच्या पापण्यांवर काम करत होते.