सातव्या अंकातली शकुंतला

शकुंतला म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे राजा रविवर्म्याचे चित्र येते: पायातला काटा काढण्याचे निमित्त करून मागे वळून पाहणारी, नुकतीच प्रेमात पडलेली मुलगी. रंगभूमीवरही ती आधी अर्धीच भेटली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'चे पहिले चार अंक झाले. सातही अंक रंगायला पुढचे वर्ष उजाडले. त्याच दशकात पॅरिसमध्ये कामीय क्लोदेल या विशीतल्या शिल्पकर्तीने शकुंतला घडवायला घेतली, आणि निवडला तो नेमका सातवा अंक. दुष्यंत गुडघे टेकून, तोंड वर करून तिला कवटाळतो आहे. ती त्याच्यावर झुकली आहे. एक हात छातीशी, दुसरा सैल सुटलेला. १८८८च्या पॅरिसच्या सालोनमध्ये हे प्लास्टरचे शिल्प गौरवले गेले. १९०५मध्ये ते संगमरवरात उतरले. कालिदासाची नायिका खऱ्या अर्थाने पूर्ण होते ती क्लोदेलने पकडलेल्या याच क्षणी, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या अंकात तिच्या वतीने सख्या बोलतात, पाचव्यात भर दरबारात तिला नाकारले जाते. सातव्यात मात्र राजा तिच्या पायांवर पडतो आणि त्याला उठवायचे की नाही, हे तिच्या हाती असते. यावर कोणी म्हणेल, राजाला तिचा विसर पडला तो दुर्वासांच्या शापाने, म्हणजे तो निर्दोषच ठरतो, मग या क्षमेचे मोल ते काय? पण त्या घटकेला शापाची गोष्ट तिला ठाऊकच नसते. मारीच ऋषी ती नंतर सांगतात. म्हणजे राजाची सुटका करणारे कोणतेही कारण हाती नसताना ती त्याला उठवते. दुसरा आक्षेप असा, की संगमरवरी शिल्पाला क्लोदेलने व्हर्टुम्नस आणि पोमोना ही रोमन नावे दिली, आणि त्यात शिल्पकार रोदँशी असलेल्या तिच्या नात्याचीच व्यथा आहे. व्यथा असेलही, पण १८८८मध्ये हीच रचना शकुंतलेच्या नावाने लोकांपुढे आली होती. शिवाय स्वतःचे दुःख ओतल्याने मूळ कृतीशी प्रतारणा होत नाही. वल्कले नाहीत, चेहरे भारतीय नाहीत, तरी झुकलेली ती मान कालिदासाचीच आहे.

आपण काट्यापाशी थांबलो, म्हणून शकुंतला आपल्या मनात कायम षोडशवर्षीय राहिली. शाळांत असो की नाट्यगृहात, ती पुन्हा रंगमंचावर येईल तेव्हा तिला सातव्या अंकापर्यंत नेऊ या.