गोठ्यातला लाल दिवा

काही वस्तू वापरून झिजतात, तर काही न वापरल्यामुळे. पायातली वहाण पहिल्या जातीची आणि विहीर दुसऱ्या जातीची. उपसा असेल तोवर विहिरीचे पाणी गोड राहते. उपसा थांबला की शेवाळ धरते, कडेच्या चिऱ्यांतून पिंपळ उगवतो आणि पोरे येता-जाता तिच्यात दगड टाकू लागतात. घराचेही तेच. दहा माणसे नांदणारे घर वर्षानुवर्षे उभे असते. कुलूप लावलेले घर मात्र दोन पावसाळ्यांत कौले सोडते. गवयाचा गळा, पाठ केलेले पाढे, लांबच्या नातेवाइकांची ओळख ही सारी याच दुसऱ्या जातीची. या यादीत अलीकडे मी आणखी एका वस्तूची भर घातली आहे. ती म्हणजे मोटारीची बॅटरी.

माझ्यापाशी मोटार नाही, हे आधीच सांगून टाकतो. माणूस शाळामास्तर असावा आणि वर कादंबऱ्या लिहिणारा असावा, म्हणजे मोटारीचा प्रश्न परस्पर सुटतो. पण गेली दोन वर्षे एका मोटारीची किल्ली माझ्या खुंटीला टांगलेली आहे, आणि ती मोटारही साधीसुधी नव्हे. लाल रंगाची, दोन माणसांची, जमिनीला पोट टेकेल की काय अशी बुटकी स्पोर्ट्स कार. आमचे कडेगाव प्रसिद्ध आहे ते मोहरमच्या उंचच उंच ताबुतांसाठी. हिंदू आणि मुसलमान मिळून ते मिरवतात, आणि त्यांच्या भेटी पाहायला लांबलांबून माणसे येतात. अशा उंचीचे कौतुक असणाऱ्या गावात ही एवढीशी गाडी शेजारच्या रिकाम्या गोठ्यात बसली आहे. पूर्वी तिथे खिलारी बैलजोडी असे. दावण अजून तशीच आहे. गाडीचे नाक बरोबर गव्हाणीपाशी येते, आणि पाहणाऱ्याला वाटते, आता हिला कोणी वैरण टाकील.

ती इथे कशी आली, हे समजायला आमच्या भागाची रीत ठाऊक हवी. खानापूर, आटपाडी, कडेगाव हा सारा मुलूख बेभरवशाच्या पावसाचा. शेतीने दगा दिला तेव्हा इथली माणसे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यात शिरली. गलाई म्हणजे जुने मोडके दागिने, कातरण, सोनाराच्या दुकानातली झाडलोटीची धूळसुद्धा वितळवून, तेजाबात घालून त्यातले चोख सोने वेगळे काढणे. या कामासाठी आमची माणसे केरळात, तामिळनाडूत, बंगालात, उत्तर प्रदेशात अशी देशभर पांगली. आता टेंभूच्या योजनेने कृष्णेचे पाणी उचलून या माळांवर आणले, जिथे कुसळे उगवत तिथे ऊस उभा राहिला. पण गेलेली माणसे काही पाण्याच्या मागोमाग परत आली नाहीत. ती येतात दिवाळीला, यात्रेला, लग्नाकार्याला. चार दिवस गल्ली गजबजते आणि पुन्हा दारांना कुलपे लागतात.

माझा शेजारी मित्र असाच केरळात असतो. त्याचा मुलगा पुण्यात नोकरीला होता तेव्हा त्याने ही गाडी कुणाकडून तरी जुनी, पण हौसेने घेतली. पुढे बापाच्या हाताखाली पेढीवर जाण्याची वेळ आली. तिथल्या गल्लीत सायकल उभी करायलाही जागा नाही. तेव्हा गाडी आली गावच्या गोठ्यात आणि किल्ली आली माझ्याकडे. घरात त्याची आजी, म्हणजे आमच्या काकी, एकट्या असतात. मला गाडी चालवता येत नाही. माझ्या निवडीचे कारणही तेच असावे. ज्याला चालवता येते त्याच्या हाती अशा गाडीची किल्ली कोण देईल?

"मास्तर, फक्त बॅटरी सांभाळा," एवढेच मुलगा म्हणाला होता.

उभ्या गाडीची बॅटरी सांभाळायची म्हणजे काय, हे मी आमच्या स्टँडजवळच्या बॅटरीवाल्याकडून शिकलो. एरवी तो ट्रॅक्टरांच्या बॅटऱ्या पाहतो. त्याने मला पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आजची गाडी बंद केली म्हणजे बंद होत नाही. ती नुसती झोपते. तिचे घड्याळ चालू असते, चोराची चाहूल घेणारे यंत्र जागे असते, किल्लीची हाक ऐकायला आणखी एक यंत्र कान देऊन असते. या साऱ्यांचे मिळून, समजा, ५० मिलिअँपिअर लागतात. आकडा किती क्षुल्लक! पण मास्तरकीची सवय. मी हिशेब मांडला. दिवसाला १.२ अँपिअर-तास. बॅटरी ६० अँपिअर-तासांची असेल तर पन्नास दिवसांत ती कोरडी ठणठणीत. गाडी सुरू होईनाशी होते ती त्याच्या पुष्कळ आधी, महिन्याभरातच. शिवाय बॅटरी नुसती ठेवली तरी आपोआप थोडी उतरते, आणि उष्म्यात ती जास्त वेगाने उतरते. आमच्या गोठ्याला पत्रा आहे आणि चैत्र-वैशाख आमच्याकडे कसे तापतात हे सांगायला नको.

दुसरी गोष्ट त्याने सांगितली ती मला जास्त लागली. उतरलेली बॅटरी ताबडतोब भरली तर चिंता नाही. आत शिशाच्या पट्ट्या असतात आणि पातळ गंधकाम्ल. वीज खर्च होते तेव्हा पट्ट्यांवर एक पांढरा क्षार बसतो. वीज भरली की तो पुन्हा विरतो. पण बॅटरी आठवडेच्या आठवडे उतरलेली राहिली तर त्या क्षाराचे कठीण खडे होतात. मग भरूनही ती पूर्वीएवढी भरत नाही. गास्तों प्लांते या फ्रेंच संशोधकाने १८५९ साली ही शिशाची बॅटरी प्रथम केली. आज इतक्या वर्षांनीही तिचा हा स्वभाव गेलेला नाही. पूर्वी तिचे एवढे लाड करावे लागत नसत, कारण गाडी हॅण्डल मारून सुरू होई. १९१२ साली चार्ल्स केटरिंग यांनी केलेला विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत बसला, माणसाच्या मनगटाची सुटका झाली आणि सारा भार बॅटरीवर आला.

गावात सल्ल्याला तोटा नसतो. पुष्कळांनी मला सांगितले, आठवड्यातून एकदा पाच मिनिटे इंजिन चालू करा, झाले! मी पुन्हा कागद पुढे ओढला. इंजिन सुरू करताना स्टार्टर दोन सेकंद दोनशे अँपिअर ओढतो असे धरले, तरी खर्च होतो एक दशांश अँपिअर-तासाच्या आसपास. उभ्या गाडीचे इंजिन पाच मिनिटांत परत देते फार तर एक-दीड अँपिअर-तास. म्हणजे सुरू करण्याचा खर्च भागतो. पण आठवडाभरात घड्याळाने आणि चोरावर पाळत ठेवणाऱ्या यंत्राने जे साडेआठच्या घरात खाल्लेले असते, ते काही भरून निघत नाही. गाडी चांगली अर्धा-पाऊण तास रस्त्यावर पळाली तर गोष्ट वेगळी, आणि तरीही ते दर आठवड्याला व्हायला हवे.

हा हिशेब मांडला तेव्हा मला आमच्या गल्लीची दिवाळी आठवल्यावाचून राहिली नाही. दोन दिवसांसाठी येणारी माणसे येण्याचा खर्च वसूल करतात. वर्षभरात जे उतरलेले असते ते तसेच उरते.

बॅटरीवाल्याच्या मते सगळ्यांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय एकच होता. बॅटरीचे ऋण टोक सोडून ठेवायचे. तार सुटली की घड्याळ थांबले, पाळत थांबली, खाणारे कोणी उरले नाही. महिन्या-दोन महिन्यांनी एकदा चार्जिंगला लावले की भागले. मी पाना घेऊन गोठ्यात गेलो. काकी उंबऱ्यावर लसूण सोलत बसल्या होत्या.

"काय करतूस रं?"

मी त्यांना समजेल असे सारे सांगितले. तार काढली की बॅटरी टिकेल, गाडीला काही होणार नाही.

"आन् त्यो दिवा?"

कुठला दिवा ते मला चटकन कळेना. गाडीच्या काचेशी एक लाल ठिपका लुकलुकत असतो, पाळतीचे यंत्र जागे असल्याची ती खूण. दिवसा तो दिसतही नाही.

"तार काढली की तो विझेल, काकी."

"मग ऱ्हाऊ दे. रातीला जाग आली की खिडकीतनं दिसतो. लुकलुक करतंय. वाटतं, पोरगं हाय घरात. त्यो इझवू नगंस बाबा."

मी पाना खिशात घातला. खरे म्हणजे तो ठिपका फारसे काही खात नाही. खातात ती त्याच्यामागची न दिसणारी यंत्रे. पण दिवा तेवढा ठेवून बाकीची झोपवता येत नाहीत. विझवायचे तर सगळेच विझवावे लागते. विज्ञानाच्या दृष्टीने तार सोडणे हेच शहाणपणाचे होते, आणि त्या घराच्या दृष्टीने नव्हते.

शेवटी मुलाने एक चार्जर पाठवला. जुन्या तऱ्हेचा चार्जर कायम लावून ठेवता येत नाही. बॅटरी भरल्यानंतरही तो रेटत राहतो, आतल्या पाण्याचे बुडबुडे होतात, पेट घेणारा हायड्रोजन वायू सुटतो. हा नवा चार्जर आधी बॅटरी भरतो आणि मग साडेतेरा व्होल्टच्या जवळपास तिला नुसता आधार देत राहतो. जेवढे गेले तेवढेच घालायचे. गोठ्याला दोन्ही बाजूंनी वारा आहे, आणि वीज गेली तरी ती आली की यंत्र आपले काम पुन्हा सुरू करते. विजेच्या बिलात त्याचा खर्च शोधून सापडत नाही.

म्हणजे माझे काम संपायला हवे होते. पण तोवर एक वेगळीच गोष्ट घडून गेली होती. चार्जर नव्हता तेव्हा मी दर रविवारी सकाळी मीटर लावून आकडा पाहत असे आणि मुलगा तो विचारायला फोन करी. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२ च्या खाली म्हणजे धावपळ करा. आकडा सांगून झाला की मी फोन काकींच्या हाती देई. पहिल्यांदा दोघांनाही बोलायला काही सुचत नसे. "जेवलास का?" "जेवलो. तू?" एवढ्यावर संपे. मग हळूहळू पेढीवरचे, पावसाचे, शेजारच्या म्हशीचे बोलणे निघू लागले. एकदा तर मी अर्धा तास गव्हाणीवर बसून राहिलो आणि माझा चहा घरी थंड झाला.

याच सुमारास माझ्या मित्राने मला फोन करून सांगितले, की गाडी विकावी, घराला कुलूप लावावे आणि आईला तिकडे न्यावे असे त्याच्या मनात आहे. त्याचेही काही चूक नव्हते. म्हातारी एकटी, रात्री काही झाले तर कराड गाठायचे कोणी? काकी पूर्वी एकदा तिकडे चार महिने राहून आल्या होत्या. तिथल्या घरात सारे काही होते, फक्त उंबऱ्यावर बसले की ओळखीचे कोणी जात नसे. मी मित्राला म्हटले, "यंदाच्या दिवाळीला ये, आईशी बोल आणि मग ठरव." मुलगा मध्येच बापाला म्हणाला, "गाडी विकू. पण मग मास्तरांना रविवारी फोन कशाला करायचा?" फोनवर थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

अजून काही ठरलेले नाही. चार्जर आहे तरी मी शनिवारी रात्री तो काढून ठेवतो. भार काढल्यावर काही तास गेल्याशिवाय बॅटरीचा खरा आकडा कळत नाही. रविवारी सकाळी मीटर लावतो. आकडा ठरलेलाच असतो, १२.६. मुलालाही ते ठाऊक आहे. तरी तो फोन करतो, विचारतो आणि मी सांगतो.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा आपल्यापैकी पुष्कळजण गावच्या घरी असतील, आणि कुणाच्या गोठ्यात, कुणाच्या पडवीत वर्षभर उभी असलेली गाडीही असेल. तिला नुसती गुरगुरवून ठेवू नका. भाऊबीज उरकली की चांगली अर्धा-पाऊण तास फिरवून आणा, आणि घरातले जे माणूस वर्षभर कुठे गेले नसेल त्याला शेजारी बसवा. गाडी बुटकी असेल तर उतरताना हात द्यावा लागेल, तेवढा द्या. पुन्हा लवकर येणे नसेल तर बॅटरीचे ऋण टोक आधी सोडा आणि जोडताना तेच शेवटी जोडा, म्हणजे ठिणगीची भीती राहत नाही. मात्र तार सोडण्याआधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना एकदा विचारून घ्या.