पोथींतून परत आलेली विद्या

विद्या देणारा गुरु गेला आणि घेणारा शिष्यही उरला नाहीं, म्हणजे ती विद्या कोठें जाते? ‘रिक्लेमिंग द ब्लेड’ हा २००९ सालचा माहितीपट पाहिल्यापासून हा प्रश्न माझ्या मनांत घोळत आहे. त्यांत एकीकडे चित्रपटांतील तलवारबाजी दाखविली असून दुसरीकडे युरोपांतील जुन्या, खऱ्या तलवारविद्येचा शोध घेतला आहे.

चित्रपटांतील द्वंद्व प्रेक्षकांच्या डोळ्यांसाठीं रचलेलें असतें. खरी विद्या निराळी. दोन्ही हातांनीं धरावयाची मध्ययुगीन तलवार अतिशय जड असे, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः तिचें वजन बहुधा दीड किलोच्या आसपासच असे. नुसत्या बळाचें तें काम नव्हतें. अंतर, वेळ व पवित्रा यांचें तें शास्त्र होतें.

पुढें बंदुकांचा काळ आला आणि ही परंपरा तुटली. उरले ते ग्रंथ. इंग्लंडांत लीड्स येथील रॉयल आर्मरीज संग्रहालयाच्या मालकीची, इ. स. १३०० च्या सुमाराची, एक सचित्र लॅटिन पोथी आहे. युरोपांतील तलवारविद्येची उपलब्ध असलेली ती सर्वांत जुनी पोथी होय. तींत शिकविणारा एक धर्मगुरु आहे, शिकणारा त्याचा विद्यार्थी आहे आणि अखेरच्या पानांवर वाल्पुर्गिस नांवाची एक स्त्रीही तलवार व लहान ढाल घेऊन उभी आहे. पुढें इटलींत फिओरे देई लिबेरी यानें पंधराव्या शतकाच्या आरंभीं, व स्ट्रासबुर्ग येथें योआखिम मायर यानें १५७० सालीं, आपापली विद्या ग्रंथरूपानें मांडली.

परंतु चित्रांत पवित्रा दिसतो, हालचाल दिसत नाहीं. म्हणून आजचे अभ्यासक तोंडावर जाळीचा मुखवटा चढवून, बोथट तलवारी घेऊन एकेक डाव पुनःपुन्हां करून पाहतात. पोथीचा अर्थ चुकीचा लाविला असेल, तर समोरच्याची तलवार तें तत्काळ सांगते!

युरोपचें पातें आपणांसही परकें नाहीं. मराठ्यांच्या ‘फिरंग’ तलवारीचें पातें बहुधा तिकडूनच येई. नांवच त्याची साक्ष देतें. म्हणून हा माहितीपट पाहतांना मला घरच्या भिंतीवरील दांडपट्टा आठवला. माझे पणजोबा तो उत्तम फिरवीत, असें आई सांगते. दांडपट्टा आजही अनेक ठिकाणीं शिकवितात, तेव्हां ती विद्या बुडाली नाहीं. पण पणजोबांच्या हाताची लकब त्यांच्याबरोबरच गेली, कारण तिच्याविषयीं एक ओळही कोणीं लिहून ठेविली नाहीं.

वाचकहो, आपल्या घरींही कोणी वृद्ध विणकाम, सुतारकाम, वनस्पतींची पारख किंवा एखादा जुना खेळ जाणत असतील. त्यांच्याजवळ बसून तें शिकावें आणि जमेल तितकें लिहून ठेवावें. पोथीला गुरूची जागा घेतां येत नाहीं, हें खरें. तथापि सातशें वर्षांनीं येणाऱ्या शिष्याची वाट पाहण्याचें धैर्य तिच्या अंगीं असतें.