लांब पळायला जाताना सॅकमध्ये काय भरावं?

गेल्या काही वर्षांत दवाखान्यात एक नवा प्रश्न ऐकू येतो. "डॉक्टर, रविवारी तीस किलोमीटर पळायचंय, सोबत काय काय नेऊ?" विचारणारे बहुतेक चाळिशी-पन्नाशीतले असतात. कोणी सातारा हिल हाफ मॅरेथॉन करून आलेला असतो, कोणाच्या डोक्यात सिंहगड-राजगड-तोरणा घोळत असतो. स्पर्धेत थोड्या थोड्या अंतरावर टेबल मांडून पाणी आणि केळी देणारी मुलं उभी असतात. आपल्या बारसूच्या सड्यावर किंवा अणुस्कुऱ्याच्या पायवाटेवर टेबल सोडाच, सावलीसुद्धा मिळत नाही. पाठीवर असेल तेवढंच आपलं.

या प्रश्नाचं उत्तर मी एकदा पार चुकीचं दिलं होतं. ज्याला दिलं तो माझा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या परवानगीने लिहितो आहे.

ऑक्टोबरचे दिवस होते. पाचलहून पहाटे निघायचं, येरडवपर्यंत रस्त्याने, तिथून जुन्या दगडी वाटेने अणुस्कुरा चढायचा आणि तसंच परत, असा बेत होता. पाच-सहा तास लागणार होते. मी त्याला बजावलं होतं, "बाकी काही विसरलास तरी चालेल, पाणी भरपूर पी. तहान लागायची वाट बघू नकोस." त्याने ते अक्षरशः पाळलं. दोन लिटरची पाण्याची पिशवी, शिवाय दोन बाटल्या. वाटेत जे घर लागेल तिथे पुन्हा भरून घ्यायचा. खायला आणलं होतं काजू, बदाम आणि दोन उकडलेली अंडी. साखर वाढते म्हणून गोड बंद, ब्लड प्रेशर आहे म्हणून मीठ कमी. हेही माझेच सल्ले, फक्त ते खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी होते.

वाडीतल्या एका घरी आजींनी तांब्याबरोबर गुळाचा खडा पुढे केला. "उन्हातून आलात, नुसतं पाणी पिऊ नका." त्याने हसून गूळ परत केला आणि तांब्या रिकामा केला. मी शेजारी उभा होतो.

वर पोचल्यावर त्याचा गुडघा दुखायला लागला. माझ्या सॅकमध्ये डायक्लोफेनॅकची पट्टी होती, त्यातली एक गोळी दिली. उतरताना तो म्हणाला, "बोटं जड झाल्यासारखी वाटतायत, अंगठी रुतते आहे." मग डोकं दुखायला लागलं, मग उलटी झाली, नुसतं पाणी पडलं. येरडवच्या वर तो थांबला आणि मला म्हणाला, "आपण कुठे चाललोय रे?"

मी डॉक्टर आहे. उन्हात पाच तास पळालेला माणूस गोंधळला म्हणजे डिहायड्रेशन, असं ठरवून मी त्याला आणखी अर्धा लिटर पाणी पाजलं.

आता बघा, काय काय समोर होतं. अंग तापलेलं नव्हतं. तोंड कोरडं नव्हतं. तासाभरापूर्वीच तो लघवीला जाऊन आला होता. बोटं सुजली होती, आणि ज्याच्या अंगातलं पाणी कमी झालंय त्याची बोटं सुजत नाहीत. एका भल्या माणसाच्या जीपमधून हॉस्पिटलला पोचलो, रक्त तपासलं, तर सोडियम १२२. नॉर्मल १३५ ते १४५ असतं. त्याच्या शरीरात पाणी कमी नव्हतं, जास्त झालं होतं. तीन टक्क्यांचं मिठाचं सलाईन मोजून मापून दिलं, पाणी बंद ठेवलं, दुसऱ्या दिवशी तो पेपर वाचत बसला होता. तिथे कोणी घाईने साध्या ग्लुकोजची बाटली लावली असती तर मेंदूची सूज आणखी वाढली असती आणि हा लेख मी लिहिला नसता.

याला व्यायामाने होणारं हायपोनेट्रेमिया म्हणतात. घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जातं. त्या जागी आपण नुसतं पाणी भरत राहिलो, तर रक्तातलं मीठ पातळ होतं. त्यात लांब श्रमाच्या वेळी मेंदूतून जे संप्रेरक सुटतं, ते किडनीला पाणी धरून ठेवायला सांगतं, म्हणजे जास्तीचं पाणी बाहेरही पडत नाही. मग ते पेशींत शिरतं. बोटांत शिरलं तर अंगठी रुतते. मेंदूला मात्र कवटीत फुगायला जागा नसते.

हा प्रकार नवा नाही. दक्षिण आफ्रिकेत टिम नोक्स यांनी १९८५ साली लांब पल्ल्याच्या धावपटूंमधल्या अशा केसेस प्रसिद्ध केल्या. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ जणांचं रक्त अंतिम रेषेवर तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांचं सोडियम कमी निघालं. पळताना ज्यांचं वजन वाढलं होतं त्यांच्यात हे प्रमाण सर्वांत जास्त होतं. २०१५ मध्ये या विषयातल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून सल्ला दिला, तो असा: तहान लागेल तेव्हा प्या, तहानेपेक्षा जास्त पिऊ नका. मी मित्राला नेमकं याच्या उलट सांगितलं होतं.

आणखी एक गोष्ट मला जास्त टोचते. त्याच्या ब्लड प्रेशरच्या गोळीत टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायाझाइड होतं, ज्याला आपण पाण्याची गोळी म्हणतो. या औषधाने एरवीसुद्धा काहींचं सोडियम उतरतं. त्यावर मी डायक्लोफेनॅक दिली. वेदनाशामक गोळ्या किडनीची पाणी बाहेर टाकण्याची क्षमता आणखी कमी करतात. शिवाय ही तीन औषधं एकत्र आली की किडनीलाच इजा होण्याचा धोका वाढतो, हे आम्हा डॉक्टरांना पाठ असतं. प्रिस्क्रिप्शन माझं होतं आणि गोळीही माझ्याच सॅकमधली.

म्हणून भरायचं काय, याच्या आधी काढायचं काय ते सांगतो. वेदनाशामक गोळ्या काढा. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, त्यांच्या जोडगोळ्या, सगळ्या. वाळवंटातल्या अनेक दिवसांच्या स्पर्धांत ८९ धावपटूंवर एक अभ्यास झाला. त्यात आयबुप्रोफेन घेतलेल्यांपैकी ५२ टक्क्यांना किडनीची तात्पुरती इजा दिसली, साधी दिखाऊ गोळी घेतलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना. म्हणजे नुसतं पळणंही किडनीला सोपं नाही. गुडघा एवढा दुखत असेल की गोळी लागते, तर परत फिरा.

आता पाणी. किती न्यायचं हे दुकानदार किंवा मी सांगू शकत नाही, तुमचा वजनकाटा सांगेल. ज्या हवेत पळणार आहात तशाच हवेत एक तास पळा, आधी आणि नंतर कपडे काढून वजन करा. वजनात जेवढे ग्रॅम घट, त्यात मधे प्यायलेलं पाणी मिळवा, झाला तुमचा तासाचा घाम. ऑक्टोबरात माझा साधारण एक लिटर भरतो, थंडीत निम्मा. यातला सगळा भरून काढायचा नसतो. सत्तर किलोचा माणूस परतल्यावर एखादा किलो कमी भरला तर ते ठीकच आहे. वजन वाढलं असेल तर मात्र प्यायची पद्धत चुकली.

मीठ हवंच. सरकारी दवाखान्यात मिळणारं ओआरएसचं साधं पाकीट घ्या, एक लिटरला एक. त्यात २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. दुकानात त्याच्याशेजारी ठेवलेले गोड रंगीत खोके वेगळे, मागचा मजकूर वाचून घ्या. मला स्वतःला कोकमचं आगळ आवडतं, कारण ते मिठातच केलेलं असतं. पाण्यात थोडं आगळ आणि गूळ, बस. पण मीठ घेतलं म्हणून कितीही पाणी प्यायला मोकळीक मिळत नाही. रक्त पातळ होतं ते मुख्यतः जास्तीच्या पाण्याने.

पूर्वी अणुस्कुऱ्यासारख्या घाटवाटांनी किनाऱ्यावरचं मीठ बैलांच्या पाठीवरून देशावर जायचं आणि वरून गूळ खाली यायचा. ओआरएसमध्येही मुळात हीच जोडी आहे. आतड्यातून मीठ आत जायला साखरेचा हात लागतो आणि त्या दोघांच्या मागून पाणी जातं. आजींना हे संप्रेरकांसकट माहीत नसेल, पण त्यांचा सल्ला माझ्यापेक्षा बरा होता.

खाण्याचं गणित सोपं आहे. तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. काजू-बदाम पौष्टिक खरे, पण त्यातली चरबी पोटात रेंगाळते, पळताना उपयोगी पडत नाही. फणसपोळी आणि आंबापोळी मात्र याचसाठी केल्यासारख्या आहेत: हलक्या, न सांडणाऱ्या, उन्हात न नासणाऱ्या. खजूर चांगला. नाचणीचा लाडू घरी उत्तम, पळताना घशात अडकतो. तीन तासांनंतर गोडाची शिसारी येते, तेव्हा मीठ लावलेले उकडलेले बटाटे आणि लिंबाच्या लोणच्याची एक फोड काम करते. परदेशी जेलची पाकिटं वाईट नाहीत, महाग आहेत. आणि नवा पदार्थ पहिल्यांदा घाटात खाऊन बघू नका, जागा अडचणीची असते.

मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी गोड सोडून पळणं धोक्याचं आहे. साखरेच्या पुड्या खिशातच हव्यात. त्या दिवशीच्या डोसबद्दल आणि पाण्याच्या गोळीबद्दल आधी आपल्या डॉक्टरांशी बोला, स्वतःहून बंद करू नका.

बाकी सामान थोडंच: पंचा (भिजवून मानेवर टाकायला), टोपी, शिट्टी, डोक्याला लावायची बॅटरी, चिकटपट्टी, मांड्या घासतात तिथे लावायला खोबरेल तेल, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला चार्ज केलेला फोन. घाटात रेंज जाते, तेव्हा कुठून जाणार आणि कधी परतणार हे घरी कागदावर लिहून ठेवा. सड्यावर फुरसं असतं, दगडावर बसण्याआधी काठी आपटा. सापाची लस सॅकमध्ये ठेवू का, असं एकाने विचारलं होतं. नाही. ती हॉस्पिटलमध्येच देतात, कारण तिचीही रिअॅक्शन येऊ शकते. चावलाच तर आवळून बांधू नका, कापू नका, तो भाग न हलवता १०८ ला फोन करा.

मित्राची गोळी मी बदलली. त्याने पळणं सोडलं नाही. शनिवारी संध्याकाळी दवाखाना बंद करताना तो येतो, काट्यावर उभा राहतो, रविवारी परतल्यावर पुन्हा. दोन्ही आकडे माझ्या केसपेपरच्या पाठीवर लिहिलेले असतात. अंगठी तो आता पळताना मुद्दाम घालतो. डिसेंबरात पुन्हा अणुस्कुऱ्याला जायचं ठरलं आहे, आणि त्या वाडीतल्या घरी थांबायचंही.