निराळा मासा

घरात माशांची टाकी असावी, असे तुमच्यापैकी पुष्कळांना वाटत असेल. बहुतेक घरांत गोल्डफिश असतात, नाही तर गप्पी आणि मॉली. मग कधी तरी मनात येते, शेजारच्या घरात नाही असा एखादा मासा आपल्याकडे हवा. हा शौक वाईट नाही. मलाही तो आहे. (शौक, अजब, नाजूक हे शब्द तुमच्या घरचेच आहेत, मराठीनेही ते आपलेसे केले आहेत.) पण दुकानात गेल्यावर काय पाहायचे आणि काय विचारायचे, हे आधी ठरवावे लागते.

माझ्या घरची टाकी मध्यम आकाराची आहे. ती तीन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच आहे. तिच्यात सुमारे १०० लिटर पाणी मावते. म्हणजे नुसत्या पाण्याचेच वजन १०० किलो झाले. काच आणि वाळू वेगळी. म्हणून टाकीखालचे टेबल मजबूत हवे.

टाकी भरली की लगेच मासे सोडू नयेत. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा असतो. फिल्टरमध्ये आणि वाळूत काही उपयोगी जिवाणू वाढतात. ते अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक असे नायट्रेट बनवतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोपर्यंत मी रोज चिमूटभर खाद्य पाण्यात टाकत होतो. ते कुजले की जिवाणूंना अन्न मिळते. माझ्या दहा वर्षांच्या पुतणीला याचे फार हसू येई. “चाचू, टाकीत मासा नाही, मग तुम्ही जेवायला कोणाला घालता?” असे ती रोज विचारी.

पाणी तयार झाल्यावर एका रविवारी आम्ही दोघे कुर्ल्याला गेलो. तिथे शोभिवंत माशांची पुष्कळ दुकाने आहेत. एका दुकानात बोटाएवढा एक मासा होता. पाठ काळी, पोट पांढरे, शेपटी लाल आणि तोंडाला लांब मिशा! पुतणी तिथून हलेना.

“भाई, हा मोठा किती होतो?” मी विचारले.

“टाकी जेवढी, तेवढाच वाढतो, सर,” दुकानदार म्हणाला.

हे उत्तर तुम्हालाही ऐकायला मिळेल. त्यावर विश्वास ठेवू नका. हा लाल शेपटीचा कॅटफिश दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन नदीतला आहे. तिथे तो एक मीटरहून लांब होतो. आमची अख्खी टाकीसुद्धा एक मीटर नाही! लहान टाकीत अशा माशाची वाढ खुंटली, तर तो समाधानाने राहतो असे नाही. तो आजारी पडतो. मग लोक त्याला तलावात नेऊन सोडतात, आणि तो उपकार नसतो. टाकीची काच साफ करणारा सकर मासा असाच दक्षिण अमेरिकेतून आला. आज तो भारतातल्या अनेक नद्या-तलावांत पसरला आहे. त्याच्या काटेरी अंगाने कोळ्यांची जाळी फाटतात.

पुढच्या दुकानात खरी परीक्षा झाली. एका टाकीत छोटे, आरपार दिसणारे मासे होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर गुलाबी किंवा हिरवी रेघ चमकत होती. “हेच घेऊ या!” पुतणी म्हणाली. मी तिला खाली बसवून सांगितले, की हा रंग कुदरतीने दिलेला नाही. हा आपल्या देशातल्या नद्यांतला काचमासा. त्याच्या अंगात सुईने रंग भरतात. त्यात काही मासे मरतात, काही आजारी पडतात आणि काही महिन्यांत रंगही फिका होतो.

तिचा चेहरा उतरला. थोड्या वेळाने ती म्हणाली, “मग आपण यांना इथून सोडवून तरी नेऊ या.”

या प्रश्नाचे उत्तर सोपे नव्हते. त्या माशांची मलाही दया आली. पण आम्ही आठ मासे विकत घेतले असते, तर दुकानदाराने आणखी आठ मागवले असते आणि पुन्हा आठ माशांना सुई टोचली गेली असती. मी नाही म्हणालो. घरी पोहोचेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही. तिचे चुकले, असे मला आजही वाटत नाही.

पुढच्या रविवारी ती स्वतःहून तयार झाली. एका कोपऱ्यात बिनरंगाचे काचमासे मिळाले. त्यांना कोणी विचारतही नव्हते. दुकानदाराला थोडे खाद्य टाकायला सांगितले आणि मासे खातात हे पाहूनच आठ घेतले. ते कळपाने राहतात, म्हणून एक-दोन घेऊन चालत नाही. सोबत आफ्रिकेतल्या काँगो नदीच्या खोऱ्यातला उलटा कॅटफिश घेतला, तोही तिघांचा गट. तो जेमतेम चार इंच होतो आणि पोट वर करून पोहतो. इतर माशांची पाठ गडद असते, याचे पोटच गडद! मिस केरळ नावाचा लाल-काळ्या रेघांचा देखणा मासाही दिसला. तो आपल्या पश्चिम घाटातला. पण नद्यांमधून त्याची संख्या घटत चालली आहे आणि त्याच्या कळपाला आमची टाकी अपुरी पडली असती. त्याला तिथेच ठेवले.

दिवसा उलटे मासे पानांखाली लपून बसतात. संध्याकाळी टाकीवरचा दिवा मालवला की हळूच बाहेर येतात. पुतणीचे लक्ष मात्र काचमाशांकडे असते. त्यांच्या अंगातला कणा स्पष्ट दिसतो. ती माझ्या अम्मीला चष्मा लावून टाकीपुढे बसवते आणि मणके मोजायला सांगते. अम्मी सात-आठपर्यंत पोहोचतात, तेवढ्यात मासा वळतो आणि पुन्हा एकपासून सुरुवात होते.